कान ठीक आहेत, छत तपासा

तीनेक महिन्यांपूर्वी एक बाई माझ्याकडे आल्या. वय ३१, पुण्यातल्या एका खासगी कंपनीत हिशेब विभागात नोकरी. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) लहानपणी, सातव्या वर्षी, गालगुंड झालं होतं. त्यात डावा कान गेला. गालगुंडाचा विषाणू कधीकधी आतल्या कानापर्यंत पोचतो आणि बहुतेक वेळा एकाच बाजूचं नुकसान करतो. दुसरा कान चांगला असल्यामुळे घरच्यांना ते महिनोन्‌महिने कळतसुद्धा नाही. यांच्या आईला कळलं ते मुलगी एकदा डाव्या कानाला फोन लावून ‘आई, हा बंद आहे’ म्हणाली तेव्हा.

तेव्हापासून शाळा, कॉलेज आणि नोकरीची आठ वर्षं बाईंनी एका कानावर निभावली होती. अशी माणसं निभावायला शिकतात. वर्गात डावीकडच्या टोकाला बसायचं, म्हणजे सगळा वर्ग उजव्या बाजूला येतो. रस्त्यानं चालताना मैत्रिणीला उजवीकडे घ्यायचं. हॉटेलात कोपऱ्यातली खुर्ची आधी पकडायची. ऑफिसात यातलं कुणालाच काही माहीत नव्हतं आणि सांगायची वेळही आली नव्हती.

मग कंपनी नव्या जागेत गेली. बाईंनी मोबाइलवर फोटो दाखवला. तुम्हीही असं ऑफिस पाहिलं असेल. जमिनीला चकचकीत टाइल, दोन बाजूंना जमिनीपासून छतापर्यंत काच, छत उघडं, एसीचे पत्र्याचे डक्ट काळ्या रंगात रंगवून तसेच ठेवलेले, आणि मधे लांबलचक पांढरी टेबलं, दोन्ही बाजूंनी माणसं. फोटोत छानच दिसत होतं. सहा महिन्यांनी कामाचा आढावा झाला, त्यात शेरा आला : सहकाऱ्यांशी संवाद कमी पडतो.

‘डॉक्टर, लोक हाक मारतात आणि मला कळतच नाही,’ त्या म्हणाल्या. ‘त्यांना वाटतं मी मुद्दाम लक्ष देत नाही. जुन्या ऑफिसात असं होत नव्हतं. माझा उजवा कानही जायला लागलाय का?’

ऑडिओमेट्री केली. उजवा कान अगदी व्यवस्थित होता. बिघडलं होतं ते ऑफिस.

एका कानाच्या माणसाला शांत खोलीत फारशी अडचण येत नाही. अडचण येते ती गोंगाटात. दोन कान असले की मेंदू दोन्हीकडच्या आवाजांमधला वेळेचा आणि तीव्रतेचा किंचित फरक मोजतो, त्यावरून आवाज कुठून आला ते ठरवतो आणि हवा तो आवाज गर्दीतून वेगळा काढतो. एकच कान असेल तर हा हिशेबच मांडता येत नाही. हाक ऐकू येते, पण कुठून आली ते समजत नाही. डावीकडून कुणी बोललं तर डोक्याचाच आडोसा होतो आणि तेवढ्यात उजवीकडची गडबड तो एकुलता एक कान भरून टाकते. बहिऱ्या बाजूचा आवाज चांगल्या कानाकडे पाठवणारी श्रवणयंत्रं मिळतात. काहींना त्यांचा उपयोगही होतो. पण बहिऱ्या बाजूलाच गोंगाट असेल तर तेही यंत्र तो गोंगाट इमानदारीनं चांगल्या कानात आणून ओततं.

बाईंना माझ्याकडून एक पत्र हवं होतं. अपंगत्वाचा दाखला नको, पण ऑफिसला दाखवता येईल असं काहीतरी. आणि इथेच अडलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या व्याख्येत कमी ऐकू येणारी व्यक्ती म्हणजे दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल श्रवणदोष असलेली व्यक्ती. दोन्ही कानांत. एक कान पूर्ण गेलेला आणि दुसरा ठणठणीत असलेली व्यक्ती त्यात बसत नाही. कामाच्या जागी सोयी मागण्याचा जो आधार हा कायदा देतो, तो यांना मिळत नाही.

मग आवाजाचा कायदा तरी? २००० साली केंद्र सरकारनं ध्वनिप्रदूषणाचे नियम केले. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, व्यापारी भागात ६५, औद्योगिक भागात ७५, शांतता क्षेत्रात ५०. गणपती-नवरात्रात दरवर्षी हे आकडे वर्तमानपत्रांतून येतात. पण हे नियम परिसरातल्या, म्हणजे इमारतीबाहेरच्या आवाजासाठी आहेत. कारखान्यांसाठी वेगळी मर्यादा आहे, आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबल. त्यामागचा हेतू एवढाच की कामगार बहिरा होऊ नये. ऑफिसात ६० ते ६५ डेसिबल गलका असेल, तर त्यानं कुणीच बहिरं होत नाही. म्हणून कुठलाच नियम मोडत नाही. कायद्याच्या दृष्टीनं कान शाबूत असला की प्रश्न संपला.

माझं म्हणणं असं की खरा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो आणि तो फक्त एका कानाच्या माणसांचा नाही.

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. कारकुनी काम करणाऱ्या ४० महिलांपैकी काहींना शांत खोलीत, तर काहींना मोकळ्या ऑफिसात असतो तेवढ्याच साध्या आवाजात तीन तास काम करायला दिलं. आवाजातल्या महिलांच्या लघवीत अ‍ॅड्रिनलिनचं प्रमाण वाढलेलं आढळलं. नंतर त्यांना न सुटणारी कोडी दिली, तर त्यांनी लवकर हात टेकले. आणखी एक बारीक गोष्ट त्यांनी टिपली होती. आवाजातल्या महिला खुर्चीत बसण्याची ढब कमी वेळा बदलत होत्या, म्हणजे मान-पाठ आखडण्याची तयारी. पण मला या प्रयोगातलं सर्वांत बोलकं वाटतं ते वेगळंच. ताण जाणवतोय का, असं विचारल्यावर दोन्ही गटांच्या उत्तरांत फरक नव्हता. शरीर ताण नोंदवत होतं, बाईंना पत्ता नव्हता. ‘आम्हाला सवय झालीये’ हे वाक्य ऑफिसच्या आवाजाबद्दल मी इतक्या वेळा ऐकलंय की आता ते ऐकलं की मला हाच प्रयोग आठवतो.

सगळ्या आवाजांत माणसाच्या बोलण्याचा त्रास सर्वांत जास्त. एसीची घरघर, पंखा, पाऊस यांच्याकडे मेंदू काही वेळानं दुर्लक्ष करू शकतो. बोलण्याकडे करू शकत नाही. १९७६ पासून मानसशास्त्रज्ञांनी हे पुन्हा पुन्हा दाखवलंय : आकडे किंवा अक्षरं क्रमानं लक्षात ठेवायला दिली आणि मागे कुणी बोलत असलं, तर चुका वाढतात. ते बोलणं आपल्याला न येणाऱ्या भाषेत असलं तरी वाढतात, आणि बऱ्यापैकी हळू असलं तरी वाढतात. आकड्यांचा क्रम मनात धरून ठेवणं हे हिशेबनिसाचं रोजचंच काम, हे वेगळं सांगायला नको. त्यातही फोनवरचं एकतर्फी बोलणं अधिक छळतं. २०१० मध्ये कॉर्नेलमध्येच झालेल्या एका अभ्यासात पूर्ण संभाषणापेक्षा अर्धं संभाषण कानावर पडल्यावर लोकांचं लक्ष जास्त विचलित झालं. पलीकडचा काय म्हणाला असेल, याचा अंदाज मेंदू आपल्याही नकळत बांधत बसतो. शेजारचा सहकारी फोनवर ‘हो… हो… नाही हो, तसं नाही’ करत असताना ईमेलचं एक वाक्य तीनदा वाचावं लागतं, त्याचं कारण हे.

यावर कंपन्यांचा लाडका उपाय म्हणजे भिंतीवर पाटी : ‘कृपया हळू बोला.’ ही पाटी कुठेही चालत नाही आणि ती का चालत नाही हे आम्हा कानाच्या डॉक्टरांना शंभरहून अधिक वर्षं माहीत आहे. १९११ मध्ये एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरनं दाखवलं की कानात गोंगाट सोडला की बोलणारा माणूस आपोआप आवाज चढवतो आणि गोंगाट थांबला की आपोआप उतरवतो. त्याचं त्याला कळतही नाही. बहिरेपणाचं सोंग घेतलेला माणूस पकडायला या युक्तीचा उपयोग होत असे : खरंच बहिरा असेल तर त्याचा आवाज चढणार नाही. आता पन्नास माणसांच्या हॉलमध्ये काय होतं पाहा. एक जण आवाज चढवतो, म्हणून शेजारचा चढवतो, म्हणून त्याच्या पलीकडचा. यात शिस्त मोडणारा कुणीच नसतो. मोठ्यानं बोलणाऱ्या माणसावर खेकसण्यापेक्षा वर बघावं, छताकडे.

छताचं म्हणाल तर ही गोष्ट १८९५ ची आहे. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात नव्या कलासंग्रहालयातल्या व्याख्यानगृहात बोललेलं कुणालाच कळेना. एक शब्द उच्चारला की साडेपाच सेकंद घुमत राहायचा, तोवर पुढचे दहा-बारा शब्द त्यात मिसळलेले. वॉलेस सॅबिन या भौतिकशास्त्राच्या तरुण शिक्षकाला हे निस्तरायला सांगितलं. त्यानं जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, एकेक करत हॉलमध्ये मांडल्या, ऑर्गनची नळी वाजवायची आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर मोजायचं. पहाटे गाद्या परत जागेवर. यातून त्याला सूत्र सापडलं. खोलीचं घनफळ जितकं जास्त तितका आवाज जास्त घुमतो आणि आवाज शोषणारा पृष्ठभाग जितका जास्त तितका कमी घुमतो. बस, एवढंच. बोस्टनचं सिम्फनी हॉल १९०० साली याच गणितावर उभं राहिलं.

हेच गणित आपल्या ऑफिसला लावू. समजा हॉल २० मीटर लांब, १० मीटर रुंद, ३ मीटर उंच आहे. सगळीकडे टाइल, काच, सिमेंट. असे पृष्ठभाग त्यांच्यावर पडलेल्या आवाजाचा शंभरातला जेमतेम पाच भाग शोषतात, बाकीचा परत फेकतात. माणसं, खुर्च्या वगैरे धरून या हॉलमध्ये आवाज विरायला साधारण दोन सेकंद लागतील. आता फक्त छताला मिनरल फायबरच्या किंवा काचतंतूच्या आवाज शोषणाऱ्या टाइल लावा, बाकी काहीच बदलू नका. वेळ अर्ध्या सेकंदाच्या आसपास येतो आणि घुमणारा गलका सहा डेसिबलनं उतरतो. हिशेब ढोबळ आहे, ठेंगण्या पसरट हॉलमध्ये सूत्र तंतोतंत चालत नाही. पण सहा डेसिबल म्हणजे ध्वनिऊर्जा पाव पट. शिवाय लोंबारची शिडी उलटी चालू लागते. गलका उतरला म्हणून प्रत्येक जण थोडा हळू बोलतो, म्हणून गलका आणखी उतरतो.

इथे एक सावधगिरी. पीओपीचं किंवा साध्या जिप्सम बोर्डाचं फॉल्स सीलिंग हे दिसायला छत, पण आवाजाच्या दृष्टीनं भिंतच. ते काही शोषत नाही. थर्माकोलही नाही. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवण्याची जी हौस आहे तिचा उपयोग नावापुरताच. गालिचा चपलांची टकटक आणि खुर्च्यांची ओढाओढ छान थांबवतो, बोलण्याचा आवाज मात्र कमीच शोषतो. आणि काचेची केबिन बांधून तिचं पार्टिशन फॉल्स सीलिंगपाशी थांबवलं, तर आवाज वरच्या पोकळीतून निवांत पलीकडे उतरतो. पार्टिशन स्लॅबपर्यंत न्यावं लागतं. पगाराची गुप्त बोलणी शेजारच्या टेबलापर्यंत कशी पोचतात, याचं उत्तर अनेक ऑफिसांत या दीड फुटात आहे.

आपली जुनी सरकारी कचेरी आठवा. लाकडी टेबलं, कापडाचे पडदे, लाल कापडात बांधलेली दप्तरं छतापर्यंत रचलेली. कागद आणि कापड दोन्ही आवाज शोषतात. ती जागा अंधारी होती, धूळ होती, काम किती व्हायचं तो विषय वेगळा, पण कानाला ती बरी होती. वरून पंख्याची एकसुरी घरघर. वीज गेली आणि पंखा थांबला की पलीकडच्या टेबलावर चाललेली कुजबुज अचानक स्पष्ट ऐकू यायची, हे जुन्या लोकांना आठवत असेल.

त्या पंख्यात एक मुद्दा आहे, जो ध्वनिशास्त्राशी पहिल्यांदा ओळख होणाऱ्याला उलटा वाटतो. ऑफिस अति शांत करूनही भागत नाही. छतानं गलका शोषला, एसीही मुका असला, तर आठ टेबलांपलीकडचा फोन शब्द न्‌ शब्द कळतो. आणि त्रास होतो तो कळण्याचाच. म्हणून जगभर मोकळ्या ऑफिसांचं मोजमाप करताना नुसते डेसिबल बघत नाहीत. बोलणाऱ्यापासून किती अंतरावर गेल्यावर बोलणं नीटसं कळेनासं होतं, ते मीटरमध्ये मोजतात. ते अंतर जितकं कमी तितकं ऑफिस चांगलं. ते कमी करायला तीन गोष्टी एकत्र लागतात : शोषणारं छत, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या वर जाणारे कापडी आडपडदे आणि ४०-४५ डेसिबलचा मंद, एकसारखा पार्श्वध्वनी. यासाठी आता छतात छोटे स्पीकर बसवतात. त्यातून येणारा आवाज हवेच्या झुळुकीसारखा असतो. एकटा स्पीकर बसवून छत तसंच ठेवलं तर मात्र गोंगाटात भर घातल्यासारखं होतं. क्रम महत्त्वाचा.

पैसे न लागणाऱ्या गोष्टीही आहेत. दिवसभर फोनवर असणारी माणसं आणि दिवसभर आकडेमोड करणारी माणसं एका टेबलावर बसवू नयेत. प्रिंटर, चहाचं मशीन आणि लोक घोळका करून उभे राहतात ती वाट कामाच्या टेबलांपासून दूर न्यावी. व्हिडिओ कॉल स्पीकरवर घ्यायचा नाही, हा एक नियम सक्तीनं पाळावा. फोनसाठी एक-दोन छोट्या बंद खोल्या काढाव्यात.

हेडफोनबद्दल विचाराल तर मी नाखूश आहे. आवाज रद्द करणारे हेडफोन विमानाची किंवा एसीची खालच्या पट्टीतली सलग घरघर उत्तम कापतात, बोलणं तितकं कापत नाहीत. मग लोक बोलणं झाकायला गाण्याचा आवाज वाढवतात. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबलपर्यंत ऐकणं सुरक्षित धरते. आवाज तीन डेसिबलनं वाढला की तेवढ्याच धोक्यासाठी वेळ निम्मा होतो. म्हणजे ८३ डेसिबलला २० तास, ८६ ला १०. ऑफिसचा जो आवाज कान बिघडवत नव्हता, त्यापासून पळताना कान बिघडायची ही सोय आहे. आणि माझ्या रुग्ण बाईंनी हेडफोन उजव्या कानाला लावला तर त्या जगापासून पूर्ण तुटतात.

मोकळ्या ऑफिसची बाजू घेणारे म्हणतील, भिंती पाडल्या की माणसं एकमेकांशी बोलतात, कल्पना फुलतात. ऐकायला बरं वाटतं. हार्वर्डच्या इथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन यांनी दोन कंपन्यांत हे मोजून पाहिलं. जुन्या जागेतून मोकळ्या जागेत जाण्याआधी आणि नंतर कर्मचाऱ्यांच्या गळ्यात सेन्सर घालून. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलं आणि ईमेल व मेसेज वाढले. माणसांनी भिंतींऐवजी हेडफोन चढवले, मान खाली घातली. दोन कंपन्यांवरून जगाचा न्याय करू नये, हे खरं. पण जागा वाचते म्हणून मोकळं ऑफिस करतो, असं कंपन्यांनी सरळ म्हणावं. त्यात काही पाप नाही, पुण्या-मुंबईत चौरस फुटाचे भाव सगळ्यांना माहीत आहेत. वाचलेल्या भाड्यातला काही भाग छतावर घाला, एवढंच मागणं आहे. सजावटीचं काम देताना ‘आवाज विरायचा वेळ किती असेल?’ हा प्रश्न सजावटकाराला विचारला तरी पुष्कळ. माझा अनुभव असा की हा प्रश्न विचारला जात नाही. रंगाची तक्ती मात्र चार वेळा बदलली जाते.

बँकेच्या शाखेत नोटा मोजायचं यंत्र आणि टोकन पुकारणारा स्पीकर यांच्यामधे बसून हिशेब जुळवणारी माणसं मी पाहतो, तेव्हाही हेच मनात येतं. काउंटरवर आलेल्या आजोबांना काचेपलीकडून तीच गोष्ट तीनदा ओरडून सांगावी लागते आणि रांगेतल्या सगळ्यांना त्यांच्या खात्यातली शिल्लक कळते.

बाईंना मी पत्र दिलं. दाखला देता येत नव्हता, पण वैद्यकीय मत देता येत होतं. डाव्या कानानं ऐकू येत नाही, उजवा कान सामान्य आहे, गोंगाटात बोलणं समजायला आणि आवाजाची दिशा कळायला अडचण होते, ही अडचण बुद्धीची किंवा वागण्याची नाही, असं लिहिलं. खाली तीन सूचना : त्यांची जागा डावीकडे भिंत येईल अशी कोपऱ्यात द्यावी, हाक मारताना समोर यावं किंवा टेबलावर टकटक करावी, आणि हॉलच्या छताला आवाज शोषणाऱ्या टाइल लावाव्यात. पत्र द्यावं की नाही यावर त्या दोन आठवडे विचार करत होत्या. आठ वर्षं लपवलेली गोष्ट एका कागदावर उघडी करायची होती.

गेल्या आठवड्यात त्या सर्दीसाठी आल्या. पत्र दिलं होतं. वरिष्ठांनी बोलावून घेतलं, आधी का नाही सांगितलंत म्हणाले, दुसऱ्याच दिवशी कोपऱ्यातली जागा मिळाली. शेजारची मुलगी आता टेबलावर टकटक करून बोलते. आढाव्यातला शेरा काढता येत नाही, पण पुढच्या वेळी लक्षात ठेवू, असं सांगितलंय. छताचं पुढच्या बजेटमध्ये बघू म्हणालेत.

‘आणि एक गंमत सांगू का,’ उठताना त्या म्हणाल्या, ‘माझी जागा बदलल्यावर आणखी चौघांनी कोपरा मागितलाय. त्यांचे दोन्ही कान चांगले आहेत.’